आधी चोखोबा, मग विठोबा

संपादक महोदय,

‘मी आध्यात्मिक आहे, धार्मिक नाही,’ असं माझी नात म्हणते. रोज दहा मिनिटं ध्यान करते, याचा मला आनंदच आहे. पण मला सासूबाई आठवतात. गळ्यात तुळशीमाळ, एकादशी कधी चुकली नाही. पंढरीला गेल्या की दर्शनाच्या रांगेआधी महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवायच्या. ‘ज्याला आत येऊ दिलं नाही, त्याला आधी भेटायचं.’ मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केलं, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्यांच्याच पंगतीला जेवत. यातलं धार्मिक कुठलं आणि आध्यात्मिक कुठलं, मला निवडता येत नाही. आषाढीला नातीला पंढरपूरला नेणार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी