शुभे, हो म्हणू का नको?

पुणे, रविवार

प्रिय शुभे,

गुडघा ठीक, बीपी गोळीवर. तब्येतीचं एवढं पुरे. काल जे झालं ते तुलाच सांगण्यासारखं आहे; घरात सांगितलं तर म्हणतात, "झालं तुमचं भायखळा-पुराण सुरू!"

एका डिझाइन महोत्सववाल्यांनी बोलावलं होतं. भर रस्त्यात मांडणी करायची, विषय 'सर्वांसाठी घर'. एका चुणचुणीत पोराने लॅपटॉपवर झोपडी दाखवली: बांबू, पिवळे दिवे, आत चारी बाजूंनी आरसे. मी विचारलं, "यात झोपायचं कुठं?" तर म्हणे, "मॅम, ही अनुभवायची आहे."

अगं, मला मुंबईत भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या त्या बायका आठवल्या, आणि त्यांनी भरवलेलं घराच्या नमुन्याचं प्रदर्शन. लाकडी चौकट, भिंतींच्या जागी कापड आणि जुन्या साड्या, चौदा फूट उंची, वर पोटमाळा. खऱ्या मापाचं घर! १९८५ साली सुप्रीम कोर्टाने पोट भरण्याचा हक्क हा जगण्याचाच हक्क मानला, पण नोटीस देऊन झोपड्या हटवायला हरकत घेतली नाही. तेव्हा घर कसं हवं ते या बायकांनी उभं करूनच दाखवलं. तू मात्र संडास घरातच हवा म्हणून हटून बसलीस. "जागा खातो, आणि घासणार कोण, तू?" असं त्या मावशींनी विचारल्यावर तुझं तोंड बघायला हवं होतं. अजूनही तुझंच खरं, माहीत आहे मला.

पुढे त्यांनी संडास-मेळेसुद्धा भरवले. लहान मुलांचा संडास वेगळा, उथळ, धरायला दांडी, म्हणजे पोर आत पडायला घाबरत नाही. २००१ मध्ये घराचा नमुना आणि हा पोरांचा संडास थेट न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत. तिथले तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान मध्ये उभे, भोवती आपल्या बायकांची गाणी! आपल्या पुण्यातही १९९९ नंतर वस्त्यांमध्ये शेकड्यांनी संडास झाले, त्यातले बरेच महिला मिलनच्या, म्हणजे या बायकांच्याच संघटनेच्या, मंडळींनी बांधले.

आता माझं अडलंय इथे. नाही म्हटलं तरी ती आरसेवाली झोपडी उभी राहणारच, आणि लोक रांग लावून फोटो काढणार. हो म्हणून वस्तीतल्या बायकांना नेलं, तर त्यांना पोस्टरवर घेतील आणि माईक त्या पोराच्या हातात देतील. भायखळ्याच्या प्रदर्शनात साहेब लोक पाहुणे होते गं. घर दाखवणारी बाई यजमान. साहेब काय बघणार, किती वेळ थांबणार, ते ती ठरवायची. शिवाय पैसा इथे आहे, वर्तमानपत्रं येतील, मोठे अधिकारी उद्घाटनाला येतील. एवढी माणसं वस्तीत एरवी कधी फिरकतात?

मी अटी टाकल्या: घर बायकाच बांधणार, माप त्यांचं, मजुरी रोख, प्रश्न त्याच विचारणार, आणि मांडव उतरल्यावर सगळं सामान वस्तीत जाणार. पोरगा म्हणाला, "क्युरेटरना विचारून सांगतो." शेवटच्या अटीला त्याचा चेहरा जरा पडला. बांबू भाड्याचे असावेत.

सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? नाव काय ठेवलंत? नागपूरचा फ्लॅट एवढ्यात विकू नकोस, भाव चढतोय म्हणतात.

गुरुवारी त्यांना कळवायचंय. त्याआधी फोन कर, आणि "तुला वाटेल ते कर" असलं काही बोलू नकोस.

तुझी,
मंदा