बेडक्यात जंतू दिसले म्हणजे क्षयच नव्हे

माननीय संपादक,

सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाचा खोकला वर्षानुवर्षे हटत नाही, वजन वाढत नाही, घाम इतका खारट की मुका घेतला तर ओठांना मीठ लागते. अशा मुलाच्या बेडक्यात ‘एएफबी पॉझिटिव्ह’ (काचपट्टीवर क्षयासारखे जंतू दिसले) आले की लगेच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. पण काचपट्टीवर क्षयाचा जंतू आणि माती-पाण्यातले त्याचे भाऊबंद, म्हणजे एनटीएम, सारखेच दिसतात. काचपट्टी पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह असेल, तर कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) आणि जंतूची जात ओळखणारी तपासणी मागायलाच हवी. एनटीएममधल्या ‘ॲब्सेसस’ जातीवर क्षयाची नेहमीची चारही औषधे चालत नाहीत. लेकरू उगाच गोळ्या गिळत राहते. निदानासाठी दोन वेगवेगळ्या बेडक्यांत तोच जंतू वाढावा लागतो, लक्षणे आणि सीटी स्कॅनही जुळावे लागतात.

आपल्याकडे नमुना वाटेतच बिघडतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याची बेडक्याची डबी मे महिन्याच्या उन्हात गाडीतून येते. या मुलांच्या कफात अनेकदा स्यूडोमोनास नावाचा दुसरा जंतूही असतो. तो उष्णतेत फोफावतो आणि सावकाश वाढणाऱ्या एनटीएमला झाकून टाकतो. डबी बर्फाच्या पेटीतून, 24 तासांच्या आत पोहोचवावी. फॉर्मवर ‘सिस्टिक फायब्रोसिस’ ठळक लिहावे, म्हणजे प्रयोगशाळा स्यूडोमोनास मारण्याची जादा प्रक्रिया करू शकते.

फुप्फुसातली सूज कमी करायला या मुलांना आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक महिनोन् महिने देतात. त्याआधी एनटीएमचे कल्चर झालेच पाहिजे. जंतू असताना हे औषध एकटेच दिले, तर तो त्याला जुमानेनासा होतो आणि पुढच्या उपचारातला मुख्य आधारच जातो.

नेब्युलायझरचा (औषधाचा फवारा श्वासातून देणाऱ्या मशीनचा) कप टाकीच्या किंवा ड्रमच्या पाण्याने विसळून ओला ठेवू नका. ड्रमच्या आतल्या बुळबुळीत थरात एनटीएम टिकतात, क्लोरिनलाही सहज दबत नाहीत. कप आणि मास्क साबणाने धुवा, कंपनीने उकळायला परवानगी दिली असेल तर 5 मिनिटे खळखळ उकळा, धुतलेल्या फडक्यावर पूर्ण वाळवा. व्हिनेगर पुरत नाही. मशीनची हवेची नळी मात्र पाण्यात बुडवू नका.

क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना एवढेच विचारा: सीबीनॅट काय आले, आणि कल्चर पाठवले का?

– छातीविकार विभागातील एक वाचक, जळगाव