गिटारच्या सरावाची पुस्तके निवडताना

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेली काही वर्षे मी पुण्यात क्लासिकल गिटार शिकवतो. नवीन विद्यार्थ्यांचे पालक पहिल्याच आठवड्यात ‘कोणते पुस्तक घेऊ?’ असे विचारतात आणि बहुतेकांनी तोवर ग्रेड परीक्षेचे पुस्तक घेऊन ठेवलेले असते. त्या पुस्तकाशी माझे वैर नाही. त्यात स्केल (स्वरांच्या चढत्या-उतरत्या ओळी) असतात, आर्पेजिओही (कॉर्डचे, म्हणजे स्वरसमूहाचे, स्वर एकेक करून वाजवणे) असतात, परंतु हात किती तयार झाला आहे हे पाहण्यापुरतेच ते असतात आणि हात तयार करण्याचे काम दुसरीकडे करावे लागते. परीक्षेच्या मोजक्या रचनांवर वर्ष घालवलेल्या मुलासमोर नवी रचना ठेवली की उजव्या हाताची अनामिका अडखळते, हे मी वारंवार पाहिले आहे.

उजव्या हातासाठी मी आजही सर्वांत आधी इटालियन गिटारवादक-रचनाकार माउरो जुलियानी यांच्या ऑपस 1 (ऑपस म्हणजे रचनाकाराच्या प्रकाशित कृतीचा क्रमांक) मधील 120 आर्पेजिओंचे नाव घेतो. ते 1812 मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाले. सर्व 120 प्रकार सी मेजर आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डांवर बेतलेले असल्यामुळे डाव्या हाताला जवळजवळ काम उरत नाही आणि विद्यार्थ्याचे सारे लक्ष अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिका यांच्या क्रमावर राहते. पलटे घोटताना गायक राग तोच ठेवून स्वरांची गुंफण बदलत जातो, तशीच ही योजना आहे. मात्र 1 पासून 120 पर्यंत ओळीने वाजवत सुटण्यात अर्थ नाही. जे बोट कच्चे आहे त्याचे चार-पाच प्रकार निवडून, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून, आठवडाभर तेच वाजवावेत.

त्यापुढे तंत्र आणि संगीत एकत्र शिकवणारे अभ्यास हवेत. इटालियन रचनाकार मात्तेओ कार्कासी यांचे ऑपस 60 मधील 25 अभ्यास त्यासाठी मला फार मोलाचे वाटतात. पहिल्यात स्केलची धाव आहे, तिसऱ्यात आर्पेजिओच्या वर तरंगणारी चाल आहे आणि सातव्यात ट्रेमोलोची (एकच स्वर बोटांनी झरझर पुन्हा पुन्हा छेडण्याची) पूर्वतयारी होते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. स्पॅनिश रचनाकार फर्नांदो सोर यांच्याही ऑपस 60 मध्ये 25 च पाठ आहेत आणि ते सुरुवातीला बरेच सोपे आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीने कार्कासींऐवजी सोर यांचे पुस्तक मागवले आणि दोन महिने ‘सर, हे इतके सोपे कसे?’ या संभ्रमात ती राहिली. शिवाय सोर स्वतः अनामिकेचा वापर क्वचितच करीत, त्यामुळे केवळ त्यांच्या पद्धतीवर विसंबल्यास ते बोट मागे राहते.

डाव्या हाताची तक्रार असेल, तर उरुग्वेचे गिटारवादक आबेल कार्लेवारो यांच्या तंत्राच्या सरावाच्या चार वह्यांपैकी तिसरी आणि चौथी पाहावी. पहिली वही स्केलची व दुसरी उजव्या हाताची आहे. चारही एकदम विकत घेण्याचे कारण नाही, आणि शिक्षकाशिवाय तर त्या उघडूच नयेत, कारण चुकीच्या मनगटाने केलेला सराव पुढे दुखणे होऊन बसतो.

खर्चाचा प्रश्नही आहे. जुलियानी, सोर व कार्कासी यांच्या निधनाला दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणून त्यांच्या मूळ आवृत्त्या आयएमएसएलपी या ऑनलाइन स्वरलिपी-संग्रहासारख्या संकेतस्थळांवरून विनामूल्य आणि राजरोस उतरवून घेता येतात. आधुनिक संपादकांनी बोटांचे क्रम घालून काढलेल्या आवृत्त्यांना मात्र ही सवलत लागू नसते, आणि नवशिक्याला त्या क्रमांची गरज असल्यामुळे तेवढे एक पुस्तक विकत घ्यावे असे मी सांगतो.

माझ्या शिक्षक बांधवांना एवढीच विनंती आहे, की ‘टेक्निकचे एखादे पुस्तक घ्या’ असे मोघम न सांगता चिठ्ठीवर रचनाकाराचे नाव, ऑपस आणि त्या महिन्याच्या अभ्यासांचे क्रमांक लिहून द्यावेत.

आपला विश्वासू,
एक गिटार शिक्षक, पुणे