ब्रह्मदेवाचे चौथे तोंड गेले कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या पेठेतल्या मंडळाच्या ‘सृष्टीची उत्पत्ती’ या डिजिटल देखाव्याचे कौतुक आपल्या अंकात वाचले. देखावा मी दोनदा पाहिला, एकदा नातवाच्या हट्टापायी आणि एकदा खात्री करून घ्यायला. एलईडी भिंतीवर शेषशायी विष्णू, वर कमळ, कमळात ब्रह्मदेव. पाणी तर असे हुबेहूब की पाय मागे घ्यावेत. पण ब्रह्मदेवाला तोंडे तीनच, जपमाळ धरलेल्या हाताला बोटे सहा, आणि कमळाचा देठ विष्णूच्या नाभीतून निघण्याऐवजी शेषाच्या वेटोळ्यातून निघालेला! कार्यकर्ता माझाच विद्यार्थी निघाला. म्हणाला, “बाई, एआयनं काढलंय ते, चुकेल कसं?”

तीन तोंडांचे गणित मला थोडे उमगते. भिंतीतल्या दगडी शिल्पात ब्रह्मदेवाचे चौथे तोंड मागच्या बाजूला, म्हणून समोरून तीनच दिसतात. तसले फोटो पाहून शिकलेल्या यंत्राने बहुधा तेवढीच मोजली. शिल्पकाराला चौथे ठाऊक होते. यंत्राला ते सांगायला कुणी नव्हते.

मी यंत्राच्या विरोधात नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोचल्या, तेही यंत्रच होते. माझी भाची टॅबलेटवरच चित्रे काढते. यंदा तिने हिरण्यगर्भ, म्हणजे ज्यातून सृष्टी उपजली ते सोनेरी अंडे, काढायला घेतला. आधी अंड्यामागे सूर्य, तारे, तेजोवलय, सगळा थाट होता. मी तिला हिमाचलातल्या गुलेरच्या मानकू या चित्रकाराने सुमारे १७४० मध्ये रंगवलेल्या हिरण्यगर्भाचा प्रिंट दाखवला. मूळ चित्र वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. त्यात भोवरे घेणारे पाणी आणि त्यावर सोनेरी अंडे, बस्स. ना आकाश, ना देव, ना माणूस. पोरगी बराच वेळ गप्प राहिली, मग एकेक लेअर बंद करत गेली. नुसत्या पाण्याच्या वळ्या जमायला तिला अकरा रात्री लागल्या.

जोधपूरच्या बुलाकी या चित्रकाराने तर १८२३ मध्ये याहून धीट काम केले. सृष्टीच्या उत्पत्तीवरच्याच त्याच्या तीन चौकटींच्या चित्रात पहिली चौकट नुसती सोन्याने भरलेली आहे, आत रेघसुद्धा नाही.

देखाव्यात निवेदन नासदीय सूक्ताचे होते, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सृष्टीच्या उत्पत्तीवरच्या सूक्ताचे. अवघ्या सात ऋचा. तेव्हा अंधाराने झाकलेला अंधार होता, असे ते सूक्त म्हणते आणि हे सारे वरून पाहणाऱ्याला तरी ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेऊन थांबते. इकडे पडद्यावर पहिल्या शब्दालाच धडाडधूम स्फोट! अर्थात गर्दीत मिनिटभर पडदा काळा ठेवला असता तर लोकांनी लाइट गेली म्हणून शिट्ट्या मारल्या असत्या, हेही खरे.

माझी मागणी साधी आहे. मंडपाच्या फलकावर मूर्तिकाराचे नाव असते, ढोलपथकाचे असते, मंडपवाल्याचा तर मोबाइल नंबरही असतो. मग चित्रे कुणी केली, कशी केली, कथा कोणत्या पुराणातली, हे दोन ओळींत का लिहू नये? गावात कीर्तनकार आहेत, संस्कृत शिकवणारे आहेत. चहाच्या कपावर ते एक संध्याकाळ देतील. आपणही असे चित्र छापताना ते हाताने काढलेले आहे की एआयकडून करून घेतलेले, एवढे खाली नमूद करावे. आज दोन्हींच्या खाली ‘डिजिटल आर्ट’ एवढेच असते, आणि भाचीच्या अकरा रात्री त्यात कुठेच दिसत नाहीत.

मंडळाच्या अध्यक्षांना मी ते सहावे बोट जवळ नेऊन दाखवले होते. “पुढच्या वर्षी बघू, बाई,” म्हणाले. विसर्जनापर्यंत बोट जागेवरच होते.

कळावे,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली