काकू, तुम्ही तुमचा कॅमेरा बाहेर काढलाच नाहीत

काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण समोर बसून काही सांगायला गेलो की तुम्ही विषय बदलता. दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुम्ही माझ्या ट्रायपॉडचा सैल झालेला स्क्रू पिळायला घेतलात, दुसऱ्यांदा "बरं बरं, पुढचा फोटो दाखव" म्हणालात. आता लिहूनच टाकतो, म्हणजे तुम्हाला पळायला जागा नाही.

आपल्या फोटो काढणाऱ्यांच्या परवाच्या बैठकीत माझा बगळ्याचा फोटो भिंतीवर आला तेव्हा खोलीत कुणीच काही बोललं नाही. आपल्या मंडळींत शांतता किती दुर्मिळ, ते तुम्हाला ठाऊक आहे. फोटो पडद्यावर यायच्या आत "थोडा क्रॉप करा", म्हणजे कडा कापा, म्हणणारी माणसं आहेत आपल्याकडे. मग मागच्या खुर्चीतून ठरलेला प्रश्न आला, "लेन्स कुठली?" मी म्हणालो, "तीच. दोन वर्षं तुम्ही सगळे जिला नावं ठेवताय, तीच." मी हे जरा जास्तच जोरात बोललो. तुम्ही माझ्याकडे पाहून भुवई उडवलीत आणि मी गप्प बसलो, नाहीतर अजून बरंच बोललो असतो.

ते बरंच इथे बोलून घेतो, म्हणजे पोटात राहणार नाही.

दोन वर्षं मी दर महिन्याला चार-पाच फोटो घेऊन यायचो. त्यातला एक तरी बगळ्याचा असायचाच, आणि तो बगळा दरवेळी कागद कातरून चिकटवल्यासारखा दिसायचा. अंगावर एक पीस दिसेल तर शपथ. नुसता पांढरा आकार, भोवती काळपट पाणी. "हायलाइट्स जळाल्यात," म्हणजे उजळ भाग नुसते पांढरे पडलेत, असं मला निदान नऊ वेळा सांगण्यात आलं. मलाही दिसत होतं की जळाल्यात. का जळाल्यात आणि न जळण्यासाठी काय करू, हे मात्र कुणी सांगेना. ताप आलाय एवढंच सांगून उठणाऱ्या डॉक्टरसारखं झालं ते. एका सरांनी कॅमेरा बदलायला सांगितलं. दुसऱ्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, फोटो ताणून ताणून बगळ्याच्या डोळ्यापर्यंत गेले, "शार्प नाही" म्हणाले आणि मोबाइल उलटा टेबलावर ठेवला. फोटो त्यांनी अख्खा एकदाही पाहिला नाही. डोळा पाहिला, फोटो नाही.

आणि "अप्रतिम!", "सुंदर टिपलंय!" म्हणणाऱ्यांबद्दल काय बोलावं? माणसं प्रेमळ आहेत. पण प्रत्येक फोटोला अप्रतिम म्हणणाऱ्याने माझा फोटो पाहिलाय की नाही, हे मला कसं कळणार? त्यापेक्षा डोळा ताणणारे परवडले.

तुम्ही तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचात. फारसं बोलायचा नाहीत. तुमच्याबद्दल माझी माहिती एवढीच, की "काकू फुलांचे फोटो काढतात". आमच्यात हे जरा नाक मुरडून म्हटलं जायचं आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो. त्याबद्दल माफी मागायची आहे, तीही इथेच उरकून घेतो. फिल्मच्या काळापासून तुम्ही किती उन्हं-पावसाळे कॅमेऱ्यातून पाहिलेत, याचा मला पत्ताच नव्हता.

त्या दिवशी मी प्रिंट घेऊन आलो होतो. पडद्यावर नको, सरळ हातात देऊ, म्हणजे कुणी ताणणार नाही, असा माझा हिशेब. तुम्ही तो प्रिंट मागून घेतलात, उलटा धरलात, डोकं खाली पाय वर, आणि खूप वेळ तसाच पाहत राहिलात. मला वाटलं चुकून धरलाय. सांगायलाही गेलो. तुम्ही म्हणालात, "उलटा धरला की बगळा दिसत नाही रे, नुसता पांढरा आणि काळा दिसतो. मग कळतं वजन कुठे पडलंय ते." त्यानंतर विचारलंत, "तू हा काढायला थांबलास का?"

काकू, दोन वर्षांत मला शटर विचारलं गेलं, म्हणजे उजेड किती वेळ आत घेतला ते, आयएसओ विचारला गेला, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला ते, लेन्स तर दर महिन्याला. थांबलास का, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी ततपप केलं. बगळा एक पाय चिखलात थरथरवत होता, मासे उठवायला. ते बघत बसलो होतो, असं काहीतरी म्हणालो. तुम्ही प्रिंट सरळ केलात. "पाय फोटोत नाहीये," म्हणालात. खरंच नव्हता! गुडघ्यापाशी मीच कापला होता. त्यावर टीका नाही, उपदेश नाही. "रविवारी सहाला तळ्यावर ये," एवढंच.

त्या सकाळचं मी इथे सगळं सांगत बसणार नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी, कारण माझ्यासारखे जळके बगळे काढणारे अजून पुष्कळ असणार. तुम्ही म्हणालात, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बगळा कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. समोर जे असेल ते सरासरी मध्यम करडंच असणार, असं धरून तो चालतो. चौकटीत नव्वद टक्के काळं पाणी असेल तर तो म्हणतो, अरे किती अंधार, आणि सगळंच उजळून ठेवतो. पाणी करडं होतं, बगळ्याचा कागद होतो. कॅमेरा कितीही भारी घेतला तरी मीटरची ही समजूत थोडीफार अशीच राहते. पुढचं वाक्य मी वहीत चौकट करून लिहून ठेवलंय: "ऊन कोणावर पडलंय ते बघ. मागे पाणी असो की आभाळ, बगळ्यावरचं ऊन तेच."

मग तुम्ही सूर्याकडे पाठ करून उभ्या राहिलात, आपलीच सावली किती गडद पडलीय ते पाहिलंत आणि तोंडी हिशेब केलात. लख्ख उन्हात लेन्सचं भोक एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ ४०० ला १/४००. एफ ८ करायचं, म्हणजे भोक मोठं, उजेड चौपट, तर १/१६००. पक्षी पांढराशुभ्र, म्हणून एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, १/३२००. पण ऊन अजून कोवळं आहे, म्हणून तो एक स्टॉप परत. "१/१६००. मॅन्युअलवर टाक आणि विसर. ऊन चढलं की बदलू." मी मीटरकडे पाहिलं तर तो अंधार अंधार म्हणून ओरडत होता. तुम्ही म्हणालात, "ओरडू दे."

बगळा पाण्यावरून उठला, झाडीसमोरून गेला, मग उजळ आभाळात शिरला. मी आकड्यांना हात लावला नाही. मागची पार्श्वभूमी तीनदा बदलली आणि तिन्ही ठिकाणी त्याची पिसं शाबूत! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बगळ्याला पिसं आली होती. डोक्यामागची ती दोन लांब पिसंसुद्धा वेगवेगळी मोजता येत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे तुम्हाला कळलं असेल तर कळलं असेल. तुम्ही तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघत होतात असा माझा संशय आहे.

पण आभार मानायचे आहेत ते याचे नाहीत. हे हिशेब शोधले असते तर कुठेतरी सापडलेच असते. आभार आहेत ते तुमच्या खांद्यावरच्या बॅगेचे.

तुमची बॅग त्या सकाळी पूर्ण वेळ खांद्यावर होती. आत कॅमेरा होता. चेन अर्धी उघडी होती, पट्टा बाहेर आलेला दिसत होता. कोवळा उजेड आणि पाण्यावर नावाला वारा नाही. अशी सकाळ कितीदा मिळते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! बगळा खाली उतरला, पुन्हा पाय थरथरवायला लागला आणि तुम्ही माझ्या कानाशी हलकेच म्हणालात, "पाय थांबला की चोच मारेल. पायासकट घे." पाय थांबला. मी बटण दाबलं. काळा पाय, पिवळा पंजा, त्याभोवती उठलेला गढूळ ढग, चोचीला आडवी मासोळी. भिंतीवर आला तो हाच फोटो.

आणि तुम्ही तुमचा कॅमेरा बाहेर काढलाच नाहीत.

ज्याला या छंदाचा नाद आहे त्यालाच याची किंमत कळेल. आपण सगळे मिळून फोटो काढायला जातो तेव्हा काय होतं ते आठवा. एकाला काहीतरी दिसतं, तो वाकतो आणि पुढच्या क्षणी आठ जण त्याच्या खांद्यावरून त्याच दिशेला लेन्स लावून उभे. संध्याकाळी तोच कावळा नऊ जणांचा. शिकवायला म्हणून आलेले सरही "एक मिनिट हं" म्हणून जे पुढे जातात ते अर्ध्या तासाने परत येतात, आणि मग आपल्याला त्यांच्या स्क्रीनवर त्यांचा फोटो दाखवतात. मला त्यांचा राग नाही. हात शिवशिवतात माणसाचे. तुमचे शिवशिवले नसतील? उजव्या हाताचा अंगठा तुम्ही पट्ट्यावरून सारखा फिरवत होतात, ते मी पाहिलंय.

परत येताना मी विचारलं, तुम्ही का नाही काढलात? तुम्ही म्हणालात, "मी काढला असता तर घरी जाऊन तू तुझा माझ्याशेजारी लावून बघितला असतास." बस. मग लगेच डांबरावरच्या पानाची सावली कशी पडलीय ते दाखवायला लागलात. विषय बदलला, नेहमीप्रमाणे.

मी खरंच लावून बघितला असता. आणि तुमचा चांगला असता. आणि मी पुन्हा लेन्सला नावं ठेवत बसलो असतो.

अजून एक आठवण, जरा आगाऊपणे सांगतो. "कार्तिए-ब्रेसाँ कधी क्रॉप करत नसे" हे त्या नामांकित फ्रेंच फोटोग्राफरबद्दलचं वाक्य आपल्याकडे लोकांच्या डोक्यात घालायला वापरतात. मागे त्या नव्या मुलीने बिचारीने कडेचा खांब कापला, तर तिलाही ते ऐकवलं गेलं. तुम्ही खिडकीजवळूनच म्हणालात, "पॅरिसच्या स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा तो फोटो, १९३२ चा, तो क्रॉप केलेलाच आहे. कुंपणाची फळी आडवी येत होती." आवाज चढवला नाहीत, जिंकल्याचा भाव नाही. मुलीकडे वळून विचारलंत, "खांब काढल्यावर तुला बरं वाटलं का?" ती हो म्हणाली. "मग झालं." माहिती तुमच्याकडे त्या सरांपेक्षा कमी नाही, काकू. पण तुमची माहिती कधी कुणाच्या डोक्यात पडली नाही, हातातच पडली. अशी जाणकार माणसं मी फार पाहिलेली नाहीत. जाणकार खूप पाहिलेत.

काल मीही प्रयत्न केला. तीच नवी मुलगी तळ्यावर आली होती. पांढऱ्यावर कसं मोजायचं म्हणून विचारत होती. मी ठरवलं होतं, कॅमेरा बॅगेत. सूर्याकडे पाठ केली, सावली पाहिली, हिशेब सांगितला, एक स्टॉप चुकलो, परत सांगितला. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग अचानक खंड्या आला, आमच्यापासून दहा पावलांवर वाळक्या फांदीवर बसला, अंगभर ऊन घेऊन.

वीस मिनिटं टिकलो होतो, काकू. मग काढला. सात फोटो घेतले, सातही हललेले. तिने एकच घेतला आणि तो चांगला आलाय. तुम्हाला दाखवायला आणणार आहे ती.

तुमची फिल्मच्या काळातली वही अजून माझ्याकडे आहे. एकेका रोलचे ३६ फोटो, प्रत्येकापुढे ऊन, सावली, एफ, शटर आणि शेवटच्या तीन ओळी कोऱ्या. "शेवटचे तीन राखून ठेवायचे, घरी जाताना काहीतरी दिसतंच," असं तुम्ही म्हणाला होतात. वही रविवारी आणून देतो. स्लाइडच्या रोलची पानं सुटायला लागलीत, तेवढी शिवून घेतली तर चालेल ना, ते सांगा.

तुमचा,
जळक्या बगळ्यांवाला