ग्लेन एकोच्या घोड्यांवर कोणी बसायचं?

बेथेस्डा, मेरीलँड

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर ग्लेन एकोचा विषय अर्धवट राहिला. तू दावे चालवणारा माणूस, म्हणून सविस्तर लिहितोय. यातली खरी मेख कायद्यातच आहे.

वॉशिंग्टनच्या वेशीवर, पोटोमॅक नदीकाठच्या उंचवट्यावर हे करमणुकीचं उद्यान. पूर्वी शहरातून थेट ट्राम यायची. नाचाचा हॉल, १९३१ साली बांधलेला ‘क्रिस्टल पूल’ हा पोहण्याचा भलामोठा तलाव आणि १९२१ साली बसवलेलं मेरी-गो-राउंड. ते अजून फिरतं. हाताने कोरलेले लाकडी घोडे, त्यांच्यात ससे, शहामृग, एक सिंह, एक वाघ. ऑर्गन सुरू झाला की मुलं आपापलं जनावर पकडायला धावतात.

१९६१ पर्यंत या जनावरांवर फक्त गोऱ्यांची मुलं बसत. तशी पाटी कुठे नव्हती, फाटकावर प्रवेशशुल्क नव्हतं, आणि जाहिराती तर सगळ्यांनाच बोलावायच्या. मला हाच भाग सगळ्यात क्रूर वाटतो. ओहायो नदीकाठी सिनसिनाटीला कोनी आयलंड नावाचं असंच उद्यान होतं. १९५२ मध्ये मॅरियन स्पेन्सर या कृष्णवर्णीय बाईंच्या मुलांनी त्याची जाहिरात ऐकली आणि जायचा हट्ट धरला. बाईंनी आधी फोन करून विचारलं, सगळी मुलं चालतील ना? हो, म्हणाले. आम्ही निग्रो आहोत, असं सांगितल्यावर उत्तर बदललं. बाई कोर्टात गेल्या. उद्यान १९५५ मध्ये खुलं झालं, पण पोहण्याचा तलाव आणि नाचाची जागा १९६१ पर्यंत बंदच. पाळण्यात शेजारी बसलेलं एकवेळ चालेल, एका पाण्यात उतरलेलं नाही! हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तळं खासगी आहे म्हणून महाडच्या स्पृश्यांनी लावलेला दावा मुंबई हायकोर्टात १९३७ साली निकालात निघेपर्यंत जवळजवळ दहा वर्षं गेली होती.

ग्लेन एकोतही ‘खासगी’ हीच ढाल होती. ३० जून १९६० ला हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे विद्यार्थी आणि त्यांचे गोरे साथीदार तिथे गेले. त्यांचा पुढारी लॉरेन्स हेन्री. रखवालदाराने त्याला तुझा वंश कोणता म्हणून विचारलं. तो म्हणाला, मी मानववंशाचा. हे संभाषण ध्वनिमुद्रित आहे, नक्की ऐक. हेन्रीचा आवाज जराही चढत नाही. पाच जण मेरी-गो-राउंडवर जाऊन बसले. तिकिटं त्यांच्याकडे होती, गोऱ्या मित्रांनी काढून दिलेली. फ्रान्सिस कॉलिन्स या रखवालदाराने निघून जायला पाच मिनिटं दिली. ते हलले नाहीत, तेव्हा अटक केली. गुन्हा काय, तर दुसऱ्याच्या जागेत बेकायदा प्रवेश. त्या पाचांतली ग्वेंडोलिन ग्रीन पुढे मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात सिनेटर झाली.

मग उन्हाळाभर फाटकावर निदर्शनं चालली. जवळच्याच बॅनकबर्न वस्तीतली गोरी माणसं, त्यांत बरीच ज्यू कुटुंबं, विद्यार्थ्यांबरोबर फलक घेऊन उन्हात उभी राहिली. समोर अमेरिकन नाझी पक्षाचे लोक आले, तरी ती मागे हटली नाहीत. या शेजाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांच्या मुलांना फाटक उघडंच होतं, गप्प बसले असते तर त्यांचं काही बिघडत नव्हतं. १९६१ च्या मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला तो सगळ्यांसाठी.

खटला मात्र चालूच राहिला आणि ग्रिफिन (त्या पाचांतलाच एक) विरुद्ध मेरीलँड या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. आता नीट वाच. कॉलिन्सला पगार मिळायचा एका खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीकडून, गणवेश तिचाच. पण मालकाच्या विनंतीवरून काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, त्याला डेप्युटी शेरीफ, म्हणजे अटकेचे अधिकार असलेला सरकारी अधिकारी, नेमलेलं, आणि छातीवर तो सरकारी बिल्ला. म्हणजे नियम मालकाचा आणि अटक सरकारची. २२ जून १९६४ ला सरन्यायाधीश वॉरन यांनी नेमकं हेच धरलं : ही सरकारचीच कृती, म्हणून शिक्षा रद्द. तीन न्यायाधीश विरोधात होते. खासगी मालकाला मुळात अशी बंदी घालता येते का, हा प्रश्न निकालाने बाजूला ठेवला. दहाच दिवसांनी, २ जुलैला, अशा सार्वजनिक जागी वंशावरून मज्जाव करायला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही झाली.

मला राहून राहून वाटतं, कोर्टाने हा बिल्ल्याचा आधार घ्यायला नको होता. कॉलिन्स नुसता पगारी रखवालदार असता आणि त्याने फोन करून पोलिस बोलावले असते, तर ते पाच जण गुन्हेगार ठरले असते का? की असा निकाल काढून वॉरन यांनी संसदेला वाट मोकळी ठेवली? तुला यात काय दिसतं ते निकालपत्र वाचून लिही. फोनवर नको, पत्रच पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश