तबल्यावर कोण आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'शे-सव्वाशे रुपये महिना भरला की सगळं संगीत खिशात, मग सीडी-रेकॉर्डी जमवायच्या कशाला?' असा सूर दिसला. गेली चार वर्षं मीही गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपची वर्गणी भरतो आहे, तेव्हा 'जुनं ते सोनं'वाल्यांत मला धरू नये.

उलट अ‍ॅपचे उपकारच आहेत. आमच्या मिरजेत शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घराघरांत. पण आजोबांकडे त्यांच्या तबकड्या होत्या दोनच, त्यातली एक चिरलेली. बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. आज त्यांची कितीतरी ध्वनिमुद्रणं फोनवर ऐकतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, त्यामुळे १९३७ साली गेलेल्या खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रित गाणं आता सगळ्यांचं झालंय. कुणीही उचलावं आणि चढवावं. म्हणूनच एकच ठुमरी पाच नावांनी सापडते आणि त्यातल्या एकीची पट्टी चक्क अर्ध्या सुरानं चढलेली!

माझी तक्रार वेगळीच आहे. एलपीचं, म्हणजे मोठ्या तबकडीचं, कव्हर उलटं केलं की राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुऱ्याला कोण, सगळं छापलेलं असायचं. कॅसेटच्या घडीच्या कागदावरही असायचं, भिंग लागायचं एवढंच. अ‍ॅपवर पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो आणि गायकाचं नाव. साथीदार बहुतेक वेळा गायबच. ज्या गावात तानपुरे बनतात तिथल्या माणसाला हे जरा जास्तच टोचतं. शिवाय गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल चुकून चालू राहिलं, तर आधी जलद लयीचं द्रुत आणि मग संथ विलंबित. जेवणात आधी ताक आणि मग वरण-भात!

गेल्या गणपतीत एका मैफलीतली भैरवी लावायला गेलो, तर अख्खा अल्बम करडा पडलेला. डाउनलोड करून ठेवला होता, तोही उघडेना. विचारलं तर 'सध्या उपलब्ध नाही' एवढंच उत्तर. रेकॉर्ड कंपनी आणि अ‍ॅप यांच्यातला करार संपला की असं होतं, हे नंतर भाच्याकडून कळलं. माझी वर्गणी मात्र चालूच.

हीच मैफल मी १९९१ साली सांगलीत ३५ रुपयांना घेतली होती. माळ्यावरून कॅसेट काढली. आतला फेल्टचा तुकडा निसटला होता, तो फेविकॉलनं चिकटवला आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी भैरवी लागली. आवाज मधेच हेलकावत होता, पण लागली.

रेकॉर्ड कंपन्यांना एवढंच सांगणं आहे की कव्हरामागचा मजकूर तुमच्या दप्तरी असणारच, तो अ‍ॅपवर टाका. आणि शास्त्रीय संगीताच्या थोड्या का होईना, पण सीडी काढत राहा. दोनशे प्रती काढल्यात तर त्यातली एक माझी.

– एक श्रोता, मिरज